कोल्ह्याची द्राक्षं खरंच आंबट होती का?

प्रश्न: आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. मुलगा साडेदहा वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीत आहे. गेल्या वर्षी सरकारी रुग्णालयात तपासणी होऊन त्याला वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. परवा चाचणीत कोल्हा आणि द्राक्षांच्या गोष्टीचं तात्पर्य विचारलं होतं. त्यानं लिहिलं, ‘द्राक्षात साखर भरली नव्हती. कोल्ह्याने अजून पंधरा दिवस थांबायला पाहिजे होते.’ मार्क शून्य. सर म्हणाले, तात्पर्यं पाठ करून घ्या. बारा पाठ करून घेतली, तर आता कुठल्याही गोष्टीखाली कुठलंही लिहून येतो. त्याचे वडील म्हणतात, गोष्टी सोड, गणिताकडे बघ. पण रात्री आजी गोष्ट सांगते तेव्हा तो जागचा हलत नाही. त्याची बुद्धी कमी आहे का? त्याला हे कधी कळेल का? संध्याकाळी माझ्याकडे अर्धा तास असतो. त्यात काय करू?
– एक आई, तासगाव

उत्तर:

ताई, आधी बुद्धीचं बोलू, कारण तीच काळजी तुम्हाला जास्त खात असणार. अध्ययन अक्षमतेचं निदान करताना बुद्ध्यांकाची चाचणी घेतात. बुद्धी वयाला साजेशी असूनही वाचन, लेखन किंवा गणित बरंच मागे राहत असेल, तरच हे प्रमाणपत्र मिळतं. तुमच्या कपाटातला तो कागद म्हणजे बुद्धी कमी नसल्याचाच दाखला आहे. त्याच्या वडिलांनाही तो एकदा नीट वाचून दाखवा.

आता त्याचं उत्तर पुन्हा बघा. द्राक्षं आंबट आहेत, म्हणजे मण्यात साखर भरलेली नाही, म्हणजे तोडणीची घाई करायला नको. बागायतदाराच्या घरातल्या मुलानं केलेला हा विचार पायरी न पायरी बरोबर आहे. गडबड झाली ती एकाच ठिकाणी: कोल्हा बोलला ते त्यानं खरं धरलं. कोल्ह्याची अडचण उंचीची होती, ती त्याच्या हातून निसटली आणि तिथं त्याच्या ओळखीची अडचण येऊन बसली, कच्च्या मालाची. शून्य मार्कांपेक्षा हे उत्तर मोलाचं आहे, कारण नेमकं कुठं काम करायचं ते त्यातून दिसतं.

या छोट्याशा गोष्टीचं मर्म कळायला डोक्यात किती गोष्टी एकदम धराव्या लागतात ते मोजू. कोल्ह्याला द्राक्षं हवी होती. उड्या मारूनही ती मिळाली नाहीत. त्यानं एकही मणी चाखला नाही. म्हणजे आंबट की गोड हे त्याला कळायचा मार्गच नव्हता. तरीही तो ‘आंबट आहेत’ म्हणाला. का, तर जमलं नाही हे कबूल करायला जड जात होतं. आणि शेवटी, माणसंही असं करतात. या सात पायऱ्या झाल्या. यातल्या पहिल्या तीन आणि पाचवी गोष्टीत लिहिलेल्या किंवा सहज दिसणाऱ्या आहेत. चौथी, सहावी आणि सातवी कुठंच लिहिलेली नाहीत. त्या वाचणाऱ्यानं स्वतः भरायच्या असतात, आणि परीक्षेत ‘तात्पर्य लिहा’ म्हणून विचारतात ते त्याच.

ज्या मुलाला जोडाक्षर, रफार, वेलांटी सोडवतानाच दमायला होतं, त्याची ताकद पहिल्या तीन पायऱ्यांतच संपते. त्यात आपली मराठी क्रियापद शेवटाला ठेवते. ‘उंच मांडवावर लटकलेले, उन्हात चमकणारे, पिकलेले घोस पाहून कोल्ह्याच्या तोंडाला पाणी सुटलं’ हे वाक्य घ्या. काय झालं हे शेवटच्या दोन शब्दांत कळतं. तोवरचे सगळे शब्द धरून ठेवावे लागतात. अक्षरं जुळवत वाचणारा मुलगा ‘सुटलं’पर्यंत पोचतो तेव्हा ‘मांडवावर’ विसरलेला असतो. उंचीचा मुद्दा त्याच्या हातून का निसटला असेल, याचं हे एक साधं कारण असू शकतं.

असू शकतं, असं म्हणते, कारण ते तपासून बघायला हवं आणि ते घरी तपासता येतं. 1986 साली फिलिप गफ आणि विल्यम टनमर यांनी वाचून समजण्याचं एक सोपं गणित मांडलं, ते आजही कामाला येतं: वाचून समजणं म्हणजे अक्षरं सोडवता येणं गुणिले ऐकून भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. समजा, ऐकून समजण्यात मूल 0.9 आहे, पण अक्षरं सोडवण्यात 0.5, तर हाती 0.45 येतं. उलट असलं तरी उत्तर तेवढंच. चाचणीतला शून्य दोन्ही मुलांचा सारखाच दिसतो, उपाय मात्र वेगळे.

म्हणून पहिला आठवडा शिकवू नका, फक्त बघा. त्याला माहीत नसलेल्या सहा लहान गोष्टी निवडा, प्रत्येकी साधारण 120 ते 150 शब्दांच्या, सारख्याच अवघड. एक दिवसाआड दोन-दोन घ्या. एक त्यानं स्वतः वाचायची, दुसरी तुम्ही वाचून दाखवायची. प्रत्येकीनंतर तेच चार प्रश्न तोंडी विचारा: काय काय झालं? त्याला काय हवं होतं? तो असं का बोलला, किंवा असं का वागला? असं कुणाच्या बाबतीत होताना पाहिलंस? उत्तर त्याच्या शब्दांत जसंच्या तसं टिपून ठेवा. चूक-बरोबर काही बोलू नका, चेहऱ्यावरही आणू नका. एकाच जोडीवरून निष्कर्ष काढू नका, मुलाचा दिवस चांगला-वाईट असतो. तिन्ही जोड्या झाल्या की वही उघडून बसा.

ऐकलेल्या गोष्टींची चारही उत्तरं बरी आणि वाचलेल्यांची कच्ची असतील, तर आडकाठी अक्षरांची आहे. आजीच्या गोष्टीला तो हलत नाही म्हणता, त्यावरून ही शक्यता बरीच वाटते. मग मर्म शिकवायचं ते कानानं शिकवा आणि वाचनाचा सराव वेगळ्या वेळी, वेगळ्या मजकुरावर घ्या. दोन्ही ओझी एकाच वेळी देऊ नका. ऐकूनही पहिली दोन उत्तरं येतात पण तिसऱ्या-चौथ्याला तो अडतो, असं दिसलं तर न लिहिलेलं भरून काढण्याची सवय लावावी लागेल. पुढं सांगते ते प्रामुख्यानं त्यासाठीच आहे, आणि पहिल्या गटातल्या मुलालाही त्याचा फायदाच होतो. पण ऐकून पहिल्या प्रश्नाचंही उत्तर येत नसेल तर थांबा. त्याचं शेवटी बोलू.

तुमच्या अर्ध्या तासातली वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. उरलेल्या पाच मिनिटांत त्यानं ती गोष्ट आजीला सांगायची. एका मर्मावर दोन आठवडे काढा. वर्षाकाठी दहा-बारा मर्मं नीट कळली तर ती पाठ केलेल्या पन्नास तात्पर्यांपेक्षा कितीतरी जास्त आहेत.

सुरुवात कोल्ह्यापासूनच करा, कारण तिथं तो दुखावलेला आहे. मोठ्या कागदावर कोल्हा काढा. चित्र चांगलं यायची गरज नाही. पिवळ्या कागदाच्या चिठ्ठ्या म्हणजे ‘बोललं ते’, निळ्या म्हणजे ‘मनातलं’. गोष्ट सांगून झाली की पिवळ्या चिठ्ठीवर ‘आंबट आहेत’ लिहून कोल्ह्याच्या तोंडाशी चिकटवा. मग विचारा, ‘त्यानं किती मणी खाल्ले?’ तो म्हणेल, एकही नाही. ‘मग आंबट आहेत हे त्याला कसं कळलं?’ इथं गप्प बसा. मनात दहापर्यंत आकडे मोजा. आपल्याला ती शांतता असह्य होते आणि आपण प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो. आपल्याला वाटतं सोपं करून दिलं, पण त्याच्यासाठी तो नवाच प्रश्न असतो आणि आधीचा अर्धवट सोडवलेला विचार तिथंच पडून राहतो.

दहानंतरही उत्तर आलं नाही तर तीन निळ्या चिठ्ठ्या समोर ठेवा: ‘मला हवी होती, पण जमलं नाही’, ‘मला भूकच नाही’, ‘यांच्यात साखर भरली नाही’. कोल्ह्याच्या मनात यातलं काय असेल ते त्यानं निवडायचं. शून्यातून उत्तर तयार करण्यापेक्षा निवडणं सोपं जातं, आणि त्याचं आधीचं उत्तर त्यात असल्यामुळे ते त्याला स्वतःलाच पारखता येतं. ‘साखर भरली नाही’ उचललं तर रागावू नका, फक्त विचारा, ‘खाल्ल्याशिवाय त्याला कसं कळेल?’ बागेत रोज वावरणाऱ्या मुलाला माहीत असतं, साखर किती भरली हे मणी तोंडात टाकून किंवा मीटरनं बघतात. कोल्ह्याकडे दोन्ही नव्हतं. निळी चिठ्ठी कोल्ह्याच्या डोक्याशी चिकटवली की पिवळी आणि निळी एकमेकींशी जुळत नाहीत, हे डोळ्यांना दिसतं. ‘बोलला एक, मनात एक’ हे त्याच्या तोंडून आलं की त्या दिवशी तिथंच थांबा. पुढं तात्पर्यापर्यंत ओढत नेऊ नका.

दुसऱ्या दिवसापासून ठरावीक प्रश्नांची साखळी धरा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजमध्ये जोआना विल्यम्स यांनी अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना गोष्टीचा गाभा कसा शिकवावा यावर बरीच वर्षं काम केलं. ही मुलं गोष्टीत नसलेलं, स्वतःच्या अनुभवातलं काहीतरी गोष्टीत घालतात आणि त्यावरच पुढचा अर्थ उभा करतात, असं त्यांना आढळलं होतं. तुमच्याकडच्या पंधरा दिवसांचं मूळ तेच. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला तेच प्रश्न, त्याच क्रमानं विचारतात. मराठीत ते असे विचारता येतील: गोष्ट कुणाची? त्याची अडचण काय? त्यानं काय केलं? मग काय झालं? ते बरं झालं की वाईट? का? मग दोन वाक्यं पुरी करायची, ‘त्यानं … करायला हवं होतं’ आणि ‘आपण … करावं’. शेवटी, हे कुणाला आणि केव्हा उपयोगी पडेल? क्रम बदलू नका. प्रश्न सारखे राहिले की पुढं काय विचारणार याचा ताण जातो आणि सगळं लक्ष गोष्टीकडे लागतं. आठ-दहा गोष्टींनंतर मूल ते प्रश्न स्वतःच स्वतःला विचारायला लागावं, हे ध्येय ठेवा.

‘त्यानं काय करायला हवं होतं’ याला तो म्हणेल, ‘शिडी आणायला हवी होती.’ चूक म्हणून ओलांडून जाऊ नका. ‘शिडी मिळालीच नसती तर त्यानं काय बोलायला हवं होतं?’ असं विचारा. ‘मला जमलं नाही, असं बोलायला हवं होतं’ हे उत्तर इथून निघतं, आणि सरांना हवं असलेलं तात्पर्य याहून फार लांब नाही.

मग पूल बांधायचा. मर्म गोष्टीत ठेवलेलं नसतं, ते दोन प्रसंगांच्या मध्ये असतं. एकच प्रसंग समोर असला की मुलाला कोल्हा आणि द्राक्षंच दिसत राहतात. म्हणून दुसरा प्रसंग शेजारी ठेवा, ज्यात प्राणी नाहीत, फळं नाहीत, पण आतली गुंतागुंत तीच आहे. उदाहरणार्थ: वर्गाची सहल किल्ल्यावर जाणार होती. एका मुलीला फार जायचं होतं, पण नाव द्यायची तारीख निघून गेली. मैत्रिणीनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘त्या किल्ल्यावर बघण्यासारखं आहे काय? नुसते दगड!’ आता वहीच्या पानावर मधे रेघ मारा. डावीकडे कोल्हा, उजवीकडे मुलगी. कोल्ह्याला काय हवं होतं, मुलीला काय हवं होतं. कशानं अडलं, कशानं अडलं. काय बोलला, काय बोलली. मनात काय, मनात काय. चार ओळी समोरासमोर भरल्या की त्याला विचारा, ‘या दोघांत सारखं काय?’ तो ‘दोघांना मिळालं नाही’ इथपर्यंत आला तरी पहिल्या दिवसाला चांगलं आहे. ‘आणि दोघं खोटं बोलले’ हे दुसऱ्या दिवशी येऊ दे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं समजलं की पाठ झालं ते तिथंच कळतं. वरून तशीच, पण आतून वेगळी गोष्ट द्या. तीच मुलगी, तोच किल्ला, पण ही सहलीला गेली, दिवसभर उन्हात चालली आणि परत येऊन म्हणाली, ‘मला नाही आवडला किल्ला. पाय दुखले.’ हिला ‘कोल्ह्याला द्राक्षं आंबट’ ही म्हण लावता येईल का? किंवा कोल्ह्याला घोस मिळाला, त्यानं मणी चावला, थुंकला आणि म्हणाला, ‘आंबट आहेत.’ इथं म्हण लागू होते का? पाठ केलेलं मूल कोल्हा आणि द्राक्षं दिसली की हो म्हणतं. समजलेलं मूल म्हणतं, ‘नाही, यानं खाऊन बघितली.’ तुमच्या मुलाच्या तोंडून हे वाक्य ज्या दिवशी येईल, ती तारीख वहीत लिहून ठेवा.

पाठांतरानं त्याचं का बिघडलं तेही यात आलंच. तात्पर्यं पाठ केली की गोष्ट आणि वाक्य यांच्यामधला पूल बांधावाच लागत नाही. मग कुठलं वाक्य कुठल्या गोष्टीचं, हे धरून ठेवायला त्याच्याकडे काही राहत नाही. सरांनी ते मदत म्हणूनच सुचवलं असणार, पण ती बारा तात्पर्यं आता बाजूला ठेवा. पुसायची गरज नाही. प्रत्येकाची गोष्ट अशी उलगडून झाली की ते वाक्य त्याच्या जागी आपोआप बसेल.

गोष्टी निवडताना दोन चुका टाळा. एक, ज्यात पाच गोष्टींना पाच छुपे अर्थ आहेत अशी रूपककथा सुरुवातीला घेऊ नका. एकच चिन्ह, एकच मर्म हवं. कोल्ह्यानंतर माणसांच्या गोष्टी आधी आणि प्राण्यांच्या नंतर घेतल्या तर पूल छोटाच बांधावा लागतो, हेही लक्षात ठेवा. दोन, सोपं करण्याच्या नादात गोष्टीतले जोडशब्द काढू नका. ‘कोल्हा दमला. तो म्हणाला, द्राक्षं आंबट आहेत. तो निघून गेला.’ वाक्यं छोटी झाली, पण ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तरीही’ गेले आणि कशामुळे काय झालं हे शोधायचं काम उलट वाढलं. ‘कितीही उड्या मारल्या तरी घोस मिळेना, म्हणून तो म्हणाला’ हे लांब असलं तरी ऐकायला सोपं आहे. गोष्ट सांगताना या शब्दांवर आवाजात जोर द्या.

वाक्प्रचारांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण तो प्रश्न पुढच्या इयत्तांत येणारच. ‘तोंडाला पाणी सुटणे’ अंगाला माहीत असतं, ‘डोळ्यांत धूळ फेकणे’ मनाशी रंगवून बघता येतं. ‘नाकी नऊ येणे’ किंवा ‘कानाला खडा लावणे’ यांच्या शब्दांतून मात्र अर्थाचा पत्ता लागत नाही. केट केन, जेन ओकहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये वाचून समजण्यात कच्च्या असलेल्या मुलांचा 2005 साली अभ्यास केला. अर्थ शब्दांतूनच डोकावतो अशा वाक्प्रचारांत ही मुलं फारशी मागे नव्हती. पण शब्दांतून काही कळत नाही तिथं आजूबाजूच्या मजकुराचा आधार घ्यायला त्यांना जमत नव्हतं. म्हणून वाक्प्रचार आणि त्याचा अर्थ अशी जोडी देऊ नका, आधी प्रसंग द्या. ‘पावसात छत गळत होतं, पाहुणे दारात, गॅस संपलेला. आईच्या … आले.’ रिकाम्या जागी काय झालं असेल ते त्यानं साध्या शब्दांत सांगायचं, आणि मग तुम्ही ‘नाकी नऊ’ ठेवायचं. आठवड्याला तीन, जास्त नाहीत. पण ते तीन घरात बोलण्यात पाच-सहा वेळा तरी खरोखर यायला हवेत.

व्याकरणाच्या पुस्तकांत वाक्प्रचार अवयवांप्रमाणे दिलेले असतात: कान टोचणे, कान फुंकणे, कान उपटणे, कानावर हात ठेवणे, कानाला खडा लावणे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला हे एका दमात शिकवणं म्हणजे पाच सारख्या दिसणाऱ्या चाव्या एकाच कडीत घालून देणं. सगळ्यांत ‘कान’ आहे एवढंच डोक्यात राहतं. एका आठवड्यात एकच कान! सोबतचे दोन वेगळ्या प्रसंगाचे घ्या, एखादा भीतीचा, एखादा दमण्याचा.

त्याच्या आधीची पायरीही पक्की करून घ्या. उपमेत ‘सारखा’, ‘जसा’ हे शब्द असतात, ते मुलाला सांगतात की इथं दोन वस्तू ताडून बघायच्या आहेत. रूपकात तो इशारा नसतो. म्हणून आधी ‘आजोबा फणसासारखे आहेत’ घ्या. फणसाबद्दल जे माहीत आहे ते सगळं तो सांगेल आणि तुम्ही लिहा: काटे, गोड गरे, डिंक, मोठा आकार, वास. मग एकेकावर बोट ठेवा, हे आजोबांना लागू होतं का? डिंकावर फुली, आकारावर फुली, वासावर फुली. काटे? बोलण्यात. गोड? मनानं. दोनच उरतात. काही गुण घ्यायचे आणि बाकीचे सोडून द्यायचे, हे त्याला फुल्या मारतानाच कळतं. पाच-सहा उपमा अशा सोडवल्या की ‘सारखे’ काढून ‘आमचे आजोबा म्हणजे फणस’ म्हणा.

उपरोध सगळ्यांत शेवटी येतो. म्हणूनच शाळेत एक विनंती जरूर करा. ज्याचं अक्षर लागत नाही त्या मुलाला ‘वा, काय मोत्यासारखं अक्षर!’ असं कुणी म्हणू नये. त्यातला अर्थ त्याला कळला नाही तर वर्ग हसतो, आणि कळला तर तो लिहायचंच सोडतो. दोन्हीकडून नुकसान त्याचंच.

सरांना भेटाल तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, ही वही घेऊन जा. मागायच्या गोष्टी मोजक्या: प्रश्नपत्रिकेतली गोष्ट त्याला वाचून दाखवावी, उत्तर तोंडी घ्यावं किंवा दुसऱ्या कुणी लिहून घ्यावं, आणि ‘तात्पर्य लिहा’ याच्या आधी ‘तो असं का बोलला?’ हा एक प्रश्न विचारावा. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे. दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेतही अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात. त्यामुळे पाचवीत तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. सरांच्या मार्फत त्यांना एकदा मुलाला भेटायला बोलवा. मात्र जादा वेळ मिळाला म्हणून मर्म कळत नाही, ते काम संध्याकाळच्या अर्ध्या तासाचंच आहे. आणि म्हणी, रूपकं यांची समज सगळ्याच मुलांत किशोरवयापर्यंत वाढत असते. वर्गातल्या ज्यांनी बरोबर तात्पर्य लिहिलं, त्यातल्या कितीतरी जणांना सहलीची गोष्ट घातली तर तेही अडखळतील.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. ऐकूनही गोष्टीत काय घडलं ते त्याला सांगता येत नसेल, किंवा ‘पाच मिनिटांत येते’ म्हटल्यावर तो खरोखर घड्याळ लावून बसत असेल, चेहऱ्यावरून राग-दुःख ओळखता येत नसेल, मुलांच्या थट्टामस्करीत सतत एकटा पडत असेल, तर केवळ वाचनाच्या अक्षमतेनं हे होत नाही. कानांची तपासणी आणि वाचा-भाषा तज्ज्ञांकडून भाषेची तपासणी करून घ्या आणि बालरोग विकासतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण पहिल्या आठवड्याची वही बघून ठरवा.

तिसऱ्या आठवड्यासाठी एक प्रश्न मी तुमच्या बागेतूनच सुचवते. माल तयार झाला की व्यापारी येतो, एक मणी तोंडात टाकतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, ‘अजून आंबटच आहे हो.’ मीटरवर साखर चांगली दिसत असते, हे तुमच्या मुलानं पाहिलेलं असेल. तो व्यापारी आणि कोल्हा सारखेच का? दोघंही मनात एक ठेवून दुसरंच बोलतात, दोघांनाही द्राक्षं हवीच आहेत. पण कोल्हा स्वतःची समजूत घालतो, व्यापारी भाव पाडतो. पिवळ्या-निळ्या चिठ्ठ्या काढा, दोघांसाठी वेगवेगळ्या. निळ्या चिठ्ठीवर काय लिहायचं ते त्याला ठरवू द्या, त्याच्या वडिलांनाही शेजारी बसवा. भाव कसा ठरतो ते त्या दोघांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. उत्तरात ‘कारण’ हा शब्द आला, तर तो जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या आणि सरांना दाखवा.